शिकण्याचा कासरा आपल्या हाती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलगा दहावीत गेला, मुलगी बारावीला आली, शेजारचा एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला बसला, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘क्लास कुठला लावला?’ अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनाबाहेर उभं राहून नुसती मान वर करा. पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत क्लासच्या पाट्या दिसतील. त्यात गैर काही नाही. पण कॉलेज संपतं, नोकरी-धंदा सुरू होतो आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं रोज काहीतरी नवं शिकावं लागतं. त्याचा क्लास कोणी काढलेला नसतो. तिथे माणसानं काय करायचं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

मी व्यवस्थापनशास्त्राचा शिक्षक. मुंबईच्या उपनगरांमधल्या संस्थांतून तीसहून अधिक वर्षं शिकवलं, त्यातले बहुतेक वर्ग संध्याकाळचे. समोर बसणारे दिवसभर काम करून आलेले. कोणी कारखान्यात सुपरवायझर, कोणी बँकेत कारकून, कोणी वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा. या वर्गांनी मला एक गोष्ट शिकवली. व्यवस्थापन हा विषय मी शिकवू शकतो तेवढा थोडाच आहे, उरलेला ज्याचा त्याला शिकावा लागतो. मात्र तो कसा शिकायचा, हे शिकवता येतं.

आधी या शिक्षणाचा आपल्या शहरातला इतिहास थोडक्यात पाहू. मुंबईत वाणिज्य शिक्षणाचं पहिलं मोठं घर म्हणजे १९१३ साली निघालेलं सिडनहॅम कॉलेज. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तिथे राजकीय अर्थशास्त्र शिकवत होते, हे अनेकांना ठाऊक नसतं. पुढे १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना येता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. कमावता विद्यार्थी आधीपासूनच होता, फक्त त्याच्या वेळेला कॉलेज उघडं नव्हतं. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘स्वावलंबी शिक्षण’ हे तिचं ब्रीद ठरवलं. म्हणजे ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही.

व्यवस्थापन शिक्षण मात्र उशिरा आलं. १९६३ मध्ये केंद्र सरकारनं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्यानं पवईला ‘नीटी’ ही संस्था काढली. कारखान्यात उत्पादन कसं वाढवायचं, हा तिचा मुख्य विषय. २०२३ मध्ये तिचं ‘आयआयएम मुंबई’ झालं. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठानं अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्यानं चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था सुरू केली. मग आलं १९८१ साल. त्या एका वर्षात उपनगरांमध्ये तीन संस्था उभ्या राहिल्या : विलेपार्ल्याला नरसी मोनजी, अंधेरीला भारतीय विद्या भवनाच्या आवारात एस. पी. जैन आणि विद्याविहारला सोमय्या.

उपनगरांतच का? नकाशा पाहिला की कळतं. अंधेरीची एमआयडीसी, १९७३ मध्ये स्थापन झालेलं सीप्झ, भांडुप-मुलुंडचा कारखान्यांचा पट्टा, कुर्ला ते ठाणे जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग. इथे काम होतं, काम करणारी माणसं होती आणि त्यांना वरची पायरी चढायची होती. सातला कारखाना सुटला की साडेसातच्या वर्गाला पोचता येईल अशी संस्था त्यांना हवी होती.

आता शिकवण्याच्या पद्धतीकडे येऊ. व्यवस्थापन शिक्षणात ‘केस’ला फार मान आहे. हार्वर्डची बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाली आणि १९२१ मध्ये तिथे पहिली लिखित केस तयार झाली, ती एका बुटांच्या कंपनीची होती. केस म्हणजे एखाद्या कंपनीपुढे आलेल्या पेचाची हकिकत. विद्यार्थ्यांनी ती वाचायची आणि आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं, यावर वर्गात वाद घालायचा. पद्धत चांगली आहे. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवरही हार्वर्डनं २०१० मध्ये अशी केस काढली.

पण केसमध्येही एक उणीव राहते. तिच्यातला प्रश्न दुसऱ्या कोणीतरी शोधून, घासूनपुसून, दहा-पंधरा पानांत बांधून दिलेला असतो. प्रत्यक्ष कामावर प्रश्न असा ताटात वाढून येत नाही. माल वेळेवर जात नाही, माणसं सोडून जातात, पैसा अडकतो. यातलं मूळ दुखणं कुठलं आणि नुसतं लक्षण कुठलं, हे कोणी सांगत नाही. हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडातल्या प्राध्यापकानं २००४ मध्ये एका पुस्तकात हाच मुद्दा जोरात मांडला. ज्यानं कधी चार माणसांकडून काम करून घेतलं नाही, त्याला वर्गात बसवून व्यवस्थापक करता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्याही कितीतरी आधी रेग रेव्हन्स या इंग्रज गृहस्थांनी याचं सूत्र केलं होतं. रेव्हन्स मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, नंतर इंग्लंडच्या कोळसा मंडळात शिक्षणाचं काम पाहू लागले. त्यांनी खाणींच्या व्यवस्थापकांना व्याख्यानं ऐकवण्याऐवजी लहान लहान गटांत बसवलं आणि एकमेकांच्या खाणीतल्या अडचणींवर बोलायला लावलं. त्यांचं सूत्र सोपं आहे : शिकणं म्हणजे तयार ज्ञान अधिक स्वतःला पडलेला प्रश्न. तयार ज्ञान पुस्तकात मिळतं, क्लासमध्ये मिळतं. प्रश्न मात्र आपलाच लागतो.

इथून आपण स्वयंअध्ययनाकडे येतो. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे येतो तो खोलीचं दार लावून एकटाच पाठांतर करणारा मुलगा. प्रौढशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांनी याचा जो अर्थ सांगितला तो निराळा आहे. आपल्याला काय येत नाही ते ओळखायचं, काय साधायचं ते ठरवायचं, त्यासाठी कोणती पुस्तकं आणि कोणती माणसं लागतील ते शोधायचं, कसं आणि कधी शिकायचं ते आखायचं आणि शेवटी खरंच आलं का ते तपासायचं. या पाच गोष्टी शिकणाऱ्यानं आपल्या हातात घेतल्या की झालं स्वयंअध्ययन. मग त्यात शिक्षकाची मदत असो, मित्राची असो वा वरिष्ठाची. बैल कोणाचेही असोत, कासरा आपल्या हाती हवा.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात मी या पाच गोष्टींचा एक कागद करून घेत असे. पाच प्रश्न, पाच उत्तरं, खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. नोल्स याला शिकण्याचा करार म्हणतात. एक उदाहरण सांगतो. मुलुंडला राहणारी एक विद्यार्थिनी भांडुपच्या एका लहान इंजिनीअरिंग कारखान्यात हिशेब पाहायची. नऊ वर्षं तेच काम. बढतीची वेळ आली तेव्हा बाहेरून माणूस आणला गेला. ती माझ्याकडे आली ती ‘सर, मला फायनान्स शिकायचंय’ म्हणत. मी म्हटलं, फायनान्स हा समुद्र आहे, तुमचा प्रश्न काय ते सांगा. दोन आठवडे कागद कोरा राहिला. तिसऱ्या आठवड्यात तिनं लिहिलं : ‘आमच्याकडे ऑर्डर भरपूर आहेत, तरी पगाराच्या तारखेला मालक उसने पैसे का शोधतात?’

यापेक्षा चांगला प्रश्न मला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळाला नसता. याला आपण खेळतं भांडवल म्हणतो. आकडे सोपे करून सांगतो. समजा महिन्याची विक्री तीस लाख, म्हणजे दिवसाला एक लाख. माल गेल्यापासून पैसे हाती यायला सत्तर दिवस लागत असतील, तर सत्तर लाख रुपये सतत गिऱ्हाइकांकडे अडकलेले. ते दिवस साठवर आणले, तर दहा लाख मोकळे होतात. बँकेचं व्याज बारा टक्के धरलं तर वर्षाला एक लाख वीस हजार वाचतात. एकही जादा ऑर्डर न घेता.

तिनं कागदावर साधनं लिहिली : पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण, कारखान्याची खातेवही, बँकेतले एक अधिकारी आणि शेजारच्या कारखान्यातले एक जुने हिशेबनीस. मुदत घातली दिवाळीपर्यंतची. तिचा समज होता की गिऱ्हाईकच पैसे द्यायला टाळाटाळ करतं. वही तारखेनुसार लावल्यावर निराळंच दिसलं. माल चलनावर रोज जात होता, पण बिलं बनत होती फक्त शनिवारी आणि बाहेर पडत होती सोमवारी. सोमवारी गेलेल्या मालाचं बिल आठवडाभरानं निघत होतं, शनिवारच्या मालाचं दोन दिवसांनी. सरासरी चार-साडेचार दिवस आपल्याच कचेरीत जात होते. गिऱ्हाईक तर उधारीचे दिवस बिल हातात पडल्यापासून मोजणार. तिनं मालकांसाठी एक पानाचं टिपण लिहिलं. माल ज्या दिवशी, बिल त्याच दिवशी, एवढीच सूचना. दिवसाला लाखाची विक्री धरली तर चार-साडेचार लाखांची ही गोष्ट आहे. मालकांनी ती सूचना मान्य केली. पद लगेच मिळालं नाही, पण बँकेच्या बैठकीला तिला सोबत नेऊ लागले. आणि मुख्य म्हणजे पुढचा कागद तिनं मला न विचारता भरला.

एका माणसाला जे कागदावर जमतं ते अख्ख्या वर्गाला रस्त्यावर कसं करायला लावायचं, याचं उत्तम उदाहरण पवईलाच सापडतं. नीटीमध्ये प्रा. टी. प्रसाद यांनी ‘मंडी’ नावाचा उपक्रम चालवला. डॉ. विवेक माँटेरो यांच्या ‘नवनिर्मिती’ या संस्थेनं तयार केलेली गणित-विज्ञानाची शैक्षणिक खेळणी घेऊन विद्यार्थ्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर उतरायचं आणि ती विकायची. मोठमोठ्या कंपन्यांत जायची स्वप्नं पाहणारी ही मुलं फूटपाथवर उभी राहून अनोळखी माणसाला म्हणत, ‘काकू, एक मिनिट जरा बघता का?’ विक्रीशास्त्राच्या पुस्तकात नकार हा एक परिच्छेद असतो. इथे तो तासाला वीस वेळा तोंडावर मिळतो. कुठं उभं राहायचं, आईशी आधी बोलायचं की मुलाच्या हातात खेळणं द्यायचं, किंमत कधी सांगायची, हे कोणी शिकवत नाही आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला थोडं थोडं येतं. अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेनंही आपल्या विद्यार्थ्यांना काही आठवडे स्वयंसेवी संस्थांबरोबर गावोगाव काम करायला पाठवण्याचा पायंडा पाडला. दोन्हींमागचा विचार एकच. प्रश्न जिथे राहतो तिथे विद्यार्थ्याला नेऊन सोडायचं, आणि परतल्यावर काय पाहिलं, काय कळलं, हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं. यातला दुसरा भाग गाळला तर ती नुसती सहल होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. स्वयंअध्ययनाचं कौतुक करणारे अनेकदा एक गोष्ट सांगायची विसरतात. माणसाला पुस्तकं देऊन एकटं सोडलं, तर बहुतेक जण मध्येच थांबतात. मुंबई विद्यापीठानं १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. कालिनाच्या आवारातून पोस्टानं घरी येणाऱ्या त्या पुस्तिकांनी उपनगरांतल्या हजारो नोकरदारांना, गृहिणींना पदवीचं दार उघडून दिलं. त्यातले किती जण अर्ध्यावर थकले, तेही मी पाहिलं आहे. बोरिवलीचा एक तरुण मला भेटला तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तिका दोन वर्षं माळ्यावर पडल्या होत्या. पहाटे साडेपाचला उठणं, रात्री साडेनऊला घर. तो म्हणाला, ‘सर, आता डोकंच चालत नाही.’ डोकं उत्तम चालत होतं. कुरिअर कंपनीत दिवसाची शेकडो पाकिटं तो पत्ते तोंडपाठ ठेवून लावत होता. त्याला नव्हतं ते निराळंच : अडलं तर विचारायला माणूस, या आठवड्यात नेमकं काय वाचायचं याची आखणी आणि अमुक तारखेला कोणीतरी विचारणार आहे हा धाक. घराजवळच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी त्याच्यासारखेच दोघे येत होते. तिघं एकत्र बसू लागले. एकानं वाचलेलं दुसऱ्याला समजावून सांगायचं, एवढाच नियम. त्या परीक्षेत त्याचे दोन विषय सुटले, तिसरा राहिला. पुढच्या खेपेला तोही सुटला.

ही गोष्ट आपल्याकडे एका थोर शिक्षणतज्ज्ञानं नेमकी हेरली होती. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. पुस्तकं घरोघरी पोचवून ते थांबलं नाही. पुस्तकंच अशी लिहिली की वाचणाऱ्याला मध्ये मध्ये थांबून स्वतःची परीक्षा घेता यावी. शिवाय गावोगावी अभ्यासकेंद्रं नेमली आणि तिथे शिकवणाऱ्याला नाव दिलं ‘संमंत्रक’. शिक्षक शिकवतो, संमंत्रक सल्लामसलत करतो. या एका शब्दात शिक्षकाच्या बदललेल्या कामाचं सगळं वर्णन आलं.

पुढे इंटरनेट आलं आणि पुन्हा वाटलं की आता शिक्षकाची गरज संपली. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांनी आपल्या १७ मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा २०१२-१३ या वर्षाचा हिशेब मांडला. नोंदण्या झाल्या ८ लाख ४१ हजार ६८७. प्रमाणपत्र मिळवलं ४३ हजार १९६ जणांनी. म्हणजे शंभरात पाच. २ लाख ९२ हजार ८५२ नोंदण्या अशा होत्या की अभ्यासक्रमाचं आतलं पानही उघडलं गेलं नाही. सगळेच प्रमाणपत्रासाठी आले नव्हते, काहींना थोडं चाळून पाहायचं होतं, हे खरं. पण जगातले उत्तम प्राध्यापक फुकट उपलब्ध झाले तरी तेवढ्यानं शिकणं होत नाही, एवढं यातून नक्की दिसतं. आपल्याकडेही २०१७ पासून केंद्र सरकारचा ‘स्वयम्’ हा मंच आहे. अभ्यासक्रमांची वानवा आज कोणालाच नाही.

आणि आता तर यंत्र आपल्याशी बोलतं. केसचं उत्तर, प्रकल्पाचा अहवाल, नोट्स, सगळं मिनिटभरात लिहून देतं. तयार ज्ञान इतकं स्वस्त कधीच नव्हतं. रेव्हन्स यांच्या सूत्रातला पहिला भाग जवळजवळ फुकट झाला, म्हणून दुसऱ्याची किंमत वाढली. मुलुंडच्या त्या विद्यार्थिनीनं हेच यंत्र वापरलं असतं, तर त्यानं तिला खेळत्या भांडवलावर सुंदर निबंध दिला असता. बिलं शनिवारी बनतात, हे त्याला कुठून कळणार? ते खातेवहीत होतं आणि वही तिच्या टेबलावर होती. यंत्राकडून उत्तर मागण्याऐवजी ‘मला यावर दहा प्रश्न विचार आणि माझं कुठं चुकतं ते दाखव’ असं म्हणून पाहा. तेच यंत्र मग बऱ्यापैकी शिकवणी घेतं. त्यानं सांगितलेलं पडताळून पाहणं मात्र आपल्याकडेच राहतं.

हे सगळं मी का सांगतो आहे? पालक कर्ज काढून मुलांना व्यवस्थापनाच्या पदवीला घालतात. दोन वर्षांत मिळालेलं तयार ज्ञान आठ-दहा वर्षांत जुनं होतं, कर्जाचे हप्ते कधी कधी त्याहून जास्त चालतात. पदवीबरोबर स्वतः शिकण्याची सवय आली नसेल, तर चाळिशीत त्या माणसाच्या हाती फ्रेम केलेला कागद उरतो. म्हणून संस्था निवडताना पगाराचे आकडे विचारता तसं हेही विचारा : इथे मुलं स्वतःचा प्रश्न घेऊन काम करतात का? केलेल्या कामावर कोणी बसून बोलतं का? परीक्षा फक्त पाठांतराची आहे का?

आणि ज्यांचं कॉलेज कधीच सुटलं, त्यांच्यासाठी एक वही पुरे. पहिल्या पानावर पाच ओळी लिहा. माझ्या कामात मला सतत अडवणारा एक प्रश्न कोणता? तो सुटला हे मला कशावरून कळेल? त्यासाठी कोणतं पुस्तक, कोणती दोन माणसं? आठवड्यातले कोणते दोन तास? आणि कोणत्या तारखेला, कोणाला दाखवणार? शेवटची ओळ मुळीच सोडू नका. दाखवायला माणूस असला की वही पुढे सरकते. प्रश्न लहान घ्या. ‘मार्केटिंग शिकायचं’ हा प्रश्न होत नाही. ‘माझ्या दुकानात एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा का येत नाही’ हा होतो.

पहिली ओळच सुचली नाही तर घाई करू नका. उद्या सोमवार आहे. कामावर जा आणि दिवसभरात कुठल्या जागी तुम्ही दोनदा अडलात, तेवढं संध्याकाळी लिहून ठेवा. आठवडाभर असं लिहिलंत, तर पुढच्या रविवारी वहीच्या पहिल्या ओळीत काय लिहायचं, हे विचारायला कोणाकडे जावं लागणार नाही.